दुचाकीवरचा संसार

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ मागे टाकून नागोठण्याकडे निघाले की वाटेत कासू लागते. पनवेल-रोहा लोहमार्गावरचे एक छोटे स्थानक आणि आजूबाजूची भातखाचरे, एवढीच या गावाची ओळख. एरवी रायगड जिल्ह्याबाहेर त्याचे नाव फारसे कोणी घेतले नसते. पण महामार्गाच्या चौपदरीकरणाने कासूला सरकारी कागदांत कायमची जागा मिळवून दिली. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा दोन तुकड्यांत वाटला गेला आणि वाटणीची रेघ पडली ती नेमकी कासूवर. पळस्पे ते कासू ४२, कासू ते इंदापूर ४२. काम २०११ साली सुरू झाले आणि दहा वर्षे उलटली तरी संपले नव्हते. उच्च न्यायालयात याचिका झाल्या, मंत्र्यांनी तारखा दिल्या, तारखा टळल्या. प्रत्येक गणपतीआधी खड्डे बुजवण्याची धांदल उडाली आणि विसर्जनाच्या आधीच बुजवलेले उखडले.

या रस्त्याच्या हालांविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक मोटारीच्या किंवा एसटीच्या खिडकीतून पाहून. पनवेलपासून नागोठण्यापर्यंत किती तास लागले, कंबर कशी मोडली, गाडीचे पाटे कसे गेले. पण मोटारीतल्या माणसाला खड्डा म्हणजे दणका आणि दुचाकीवरच्या माणसाला तोच खड्डा म्हणजे कदाचित शेवट, हा फरक त्या वर्णनांत हरवतो. डोलवीच्या पोलाद कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, हमरापूरच्या गणपती कारखान्यात रंगकाम करणारा पोरगा, पेणच्या कॉलेजात जाणारी मुलगी, गडब-आमटेमहून बाजाराला निघालेले जोडपे, ही सारी मंडळी दुचाकीवर असतात. पुढे पेट्रोलच्या टाकीवर धाकटे, मागे एका अंगाला बसलेली बायको, तिच्या मांडीवर पिशवी, हँडलला दुधाची किटली. शहरातल्या लोकांना हे दृश्य बेफिकिरीचे वाटते. ज्याला एसटीची वेळ गाठायला दोन किलोमीटर चालायचे आहे आणि मोटार परवडत नाही, त्याला ती चैन नसून गरज आहे. त्याला नुसते 'दुचाकी धोक्याची असते' असे सांगून काय उपयोग? ते त्यालाही ठाऊक आहे.

धोका केवढा, हे मात्र आकड्यांतच पाहिलेले बरे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. महाराष्ट्रातली त्यांत पंधरा हजारांहून अधिक. या मृतांत शंभरातले चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरचे. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार त्या वर्षी हेल्मेट नसलेली ५० हजार २९ माणसे मरण पावली आणि त्यांतली १४ हजार ३३७ मागे बसलेली होती. हा दुसरा आकडा पुन्हा एकदा वाचावा. जे गाडी चालवतच नव्हते, ज्यांच्या हाती ब्रेक नव्हता आणि वेगही नव्हता, असे हे चौदा हजार लोक.

अपघात झाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, चूक कोणाची? चौकीत, दवाखान्यात, बाराव्या-तेराव्याच्या पंगतीतही तोच. त्याचे उत्तर मिळाले नाही की 'काळ आला होता' म्हणून विषय मिटतो. पोलिसांना आणि विमा कंपनीला हा प्रश्न आवश्यक आहे, पण घरच्या माणसांनी दुसराच विचारायला हवा. अपघात ही एक गोष्ट आणि दुखापत ही दुसरी. माणूस चुकणार, म्हैस आडवी येणार, ट्रकवाला वळण घेताना बघणार नाही. तसे झाल्यावर देहाचे काय होईल हे ज्या गोष्टींवर ठरते, त्यांतल्या बऱ्याच आधी हाताळता येतात.

वेगाचे उदाहरण घेऊ. ताशी ४० किलोमीटर हा आकडा आपल्याला अगदी सोज्वळ वाटतो. शाळेत शिकलेले गणित केले तर दिसते की सव्वासहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या छपरावरून उडी मारली तर जमिनीवर आदळताना नेमका हा वेग असतो. ताशी ६० म्हणजे चौदा मीटर, चौथ्या मजल्याच्याही वरून. ताशी ८० म्हणजे पंचवीस मीटर. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते. आठव्या मजल्याच्या गच्चीला कठडा नसेल तर आपण लेकराला तिथे जाऊ देणार नाही. त्याच लेकराला टाकीवर बसवून ऐंशीने जाताना मात्र मनात काही येत नाही.

आता कोणी म्हणेल की शर्यतीतले मोटारसायकलवाले दोनशेच्या वेगाने पडतात आणि कपडे झटकून उभे राहतात, ते कसे? ते घसरत जातात म्हणून. शर्यतीच्या वाटेच्या कडेला मोकळी जागा असते, तिथे वेग हळूहळू मरतो. माणूस मरतो तो एकदम थांबल्यामुळे. आणि आपल्या महामार्गाच्या कडेला काय असते? दुभाजकाचे दगड, विजेचे खांब, अर्धवट पुलाच्या सळया, आणि रात्री दिवे न लावता उभा केलेला ट्रेलर. हा उभा ट्रेलर तर सर्वांत वाईट. कारखान्याच्या दाराशी किंवा धाब्यापुढे तो निम्मा रस्ता अडवून असतो, मागचे लाल परावर्तक चिखलाने माखलेले, आणि समोरून येणाऱ्या मोटारीच्या प्रखर झोतात तो दुचाकीस्वाराला दिसतच नाही. हा प्रकार दंडाच्या पावतीने नव्हे तर ट्रक उभे करायला जागा करून देण्याने थांबेल, आणि ती जागा महामार्गाच्या आराखड्यातच हवी.

अर्धवट रस्त्याचे धोके वेगळेच असतात. पूर्ण खराब रस्ता माणसाला सावध करतो, पूर्ण चांगला रस्ता निदान भरवशाचा असतो. चारशे मीटर गुळगुळीत काँक्रीट, मग अचानक डायव्हर्जन, मग खडी, मग पुन्हा काँक्रीट, ही रचना घात करते. गुळगुळीत तुकड्यावर वेग वाढतो आणि खडीवर तो उतरवायला अंतर उरत नाही. काँक्रीट आणि डांबर यांच्या सांध्यात पडलेली लांबट भेग चारचाकीला कळतही नाही, पण दुचाकीचे अरुंद चाक तिच्यात रुळासारखे अडकते. साइडपट्टी रस्त्यापेक्षा वीतभर खाली असली की समोरून येणाऱ्या गाडीला वाट देताना खाली उतरलेला स्वार परत वर चढताना पडतो. पावसाळ्यात या सगळ्यावर पाणी साचते आणि खड्डा आणि डबके सारखेच दिसू लागतात. रोजच्या रस्त्यावर जे खड्डे आपण पाठ केलेले असतात, तेही दर आठवड्याला जागा बदलतात.

याची जबाबदारी कोणावर तरी असते, हे न्यायालयाने आता पैशांच्या भाषेत सांगितले आहे. खड्ड्यामुळे किंवा उघड्या गटारामुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. त्याआधी दहा वर्षे, जुलै २०१५ मध्ये, मुंबईत जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पावसाच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मोटारसायकल आदळून एक सोळा वर्षांचा मुलगा गेला होता. त्याचे वडील दादाराव बिल्होरे तेव्हापासून स्वतः शहरातले खड्डे बुजवत आले आहेत, शेकडो बुजवले. वृत्तपत्रांनी त्यांची कहाणी अनेकदा छापली, पण तिच्यातला एक तपशील बहुतेकदा मागे राहतो. गाडी चालवणाऱ्या भावाच्या डोक्यावर हेल्मेट होते, तो वाचला. मागे बसलेल्याच्या डोक्यावर नव्हते.

स्वाराच्या हातचे काय, तेही पाहू. आपल्यापैकी बहुतेक जण सायकलवरून मोटारसायकलवर आले, आणि सायकल शिकवताना थोरल्यांनी दिलेला मंत्र सोबत घेऊन आले: पुढचा ब्रेक मारू नकोस, उलटशील. मोटारसायकलला हा मंत्र उलटा लागू पडतो. ब्रेक लावताच सगळा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो. नुसता मागचा करकचून दाबला तर चाक जागच्या जागी बंद होते आणि गाडी आडवी घसरते. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू आवळत, सरळ हँडलने लावणे ही सवयीची गोष्ट आहे आणि ती मोकळ्या मैदानात अर्ध्या तासात येते. चाक बंद पडू न देणारी एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली, आणि लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकदम लागण्याची सोय आली. पण तालुक्याच्या गावांत चालणाऱ्या कितीतरी गाड्या त्याआधीच्या आहेत, आणि ज्यांच्या टायरची नक्षी पुसून गेली आहे अशा गाडीला कोणतीच यंत्रणा तारत नाही. शिवाय ब्रेक लावण्याआधी माणसाला धोका उमगून हात हलायला सेकंदभर लागतोच. साठच्या वेगात त्या सेकंदात गाडी सतरा मीटर पुढे गेलेली असते.

दिसणे ही दुसरी बाब. अमेरिकेत हॅरी हर्ट या अभ्यासकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे नऊशे मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ साली अहवाल दिला. दुसरे वाहन गुंतलेले होते अशा अपघातांत सुमारे दोन तृतीयांश वेळा त्या दुसऱ्याने दुचाकीचा हक्काचा रस्ता अडवला होता. 'मला दिसलाच नाही' हे त्या चालकांचे म्हणणे बहुधा खरेही असावे. दुचाकी अंगाने बारीक, मोटारीच्या काचेच्या खांबाआड ती पूर्ण झाकली जाते, आणि ट्रकच्या डाव्या बगलेत तर चालकाला ती मुळीच दिसत नाही. म्हणूनच एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. आपले परोपकारी लोक अजूनही भर दुपारी समोरून हाताची बोटे उघडझाप करून 'दिवा चालू आहे' असे कळवतात. त्यांना प्रेमाने मान हलवावी आणि दिवा तसाच ठेवावा. वडखळच्या आसपास अवजड ट्रेलरच्या डावीकडून पुढे घुसण्याची जी घाई दिसते ती मात्र प्रेमाने घेण्यासारखी नाही.

हेल्मेटचा विषय निघाला की महाराष्ट्रात वाद ठरलेला. मान दुखते, केस गळतात, ऐकू येत नाही, गावातल्या गावात कशाला. पुण्याने तर हा वाद जवळजवळ संस्थेच्या पातळीवर नेला; १ जानेवारी २०१९ पासून तिथे सक्तीची कडक अंमलबजावणी ठरली तेव्हा विरोधासाठी लोक रस्त्यावर उतरले. २०१६ साली राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही अशी घोषणा केली, पंपचालकांचा विरोध झाला आणि ती मवाळ करावी लागली. मूळ कलम १२९ मोटार वाहन कायद्यात १९८९ पासून लागू आहे. म्हणजे ज्या बाळांचा तेव्हा जन्म झाला ती आता आपल्या पोरांना टाकीवर बसवून नेत आहेत.

अशी दिरंगाई आपलीच आहे असे नाही. अरबांच्या बंडामुळे प्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये घराजवळच मोटारसायकलवरून जात असताना, सायकलवरच्या दोन मुलांना वाचवण्याच्या प्रयत्नात पडले आणि सहा दिवस बेशुद्ध राहून गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास हाती घेतला, १९४१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि ब्रिटिश सैन्याने त्याच वर्षी आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. नागरिकांना मात्र ते सक्तीचे व्हायला १९७३ उजाडले. बत्तीस वर्षे. नंतर जगभरच्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तीत हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले. मानेच्या दुखापती वाढतात असा पुरावा मिळाला नाही. आपल्यासारखाच दुचाक्यांवर चालणारा देश म्हणजे व्हिएतनाम. तिथे १५ डिसेंबर २००७ या एका दिवसापासून सर्व रस्त्यांवर सक्ती झाली, पोलिसांनी ती पाळून घेतली, आणि हेल्मेट घालणाऱ्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले. आपल्याकडे सक्ती येते ती मोहिमेसारखी, आठवडाभर, आणि चौकापुरती. चौक ओलांडला की हेल्मेट पुन्हा कोपरात.

'गावातल्या गावात' या युक्तिवादाला उत्तर साधे आहे. उभ्या माणसाचे डोके दीड मीटरवरून खाली आले तरी ते ताशी जवळजवळ वीसच्या वेगाने आदळते. गाडी बंद असली तरीही. हेल्मेटचे काम करते ते वरचे चकचकीत कवच नव्हे, तर आतला थर्माकोलसारखा दाट थर. तो चेपला जातो आणि एरवी दगडावर क्षणात थांबणाऱ्या डोक्याला थांबायला दोन-अडीच सेंटिमीटर जागा मिळते. एवढ्याशा जागेवर मेंदू वाचतो. म्हणून रस्त्याच्या कडेला टांगलेले, आत नुसता स्पंज असलेले टोपीवजा हेल्मेट हे पोलिसांसाठी असते, डोक्यासाठी नाही. जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा आहे, तरी ते मिळतेच. आणि एकदा जोरात आदळलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी आतला थर चेपलेला असतो, ते टाकून द्यावे. पट्टा न लावलेले हेल्मेट तर डोके जमिनीवर पोचण्याच्या आधीच उडून गेलेले असते.

मागे बसणाऱ्यांचा हिशेब घरात क्वचितच होतो. घरात हेल्मेट एकच असते आणि ते कर्त्या पुरुषाचे. त्याच्यासाठी ते घेतले जाते ते दंड चुकवायला. पोलीस मागच्यालाही अडवू लागले की दुसरे येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील प्रत्येकाला ते लागते. त्याहून लहान, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी २०२३ पासून नियम आहे की त्यांना चालकाशी बांधणारा पट्टा हवा, मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० च्या आत. हे किती घरांना माहीत आहे? टाकीवर बसवलेले मूल पुढून काही आदळले तर बापाच्या छातीची ढाल होते, हे वाचायला कठोर आहे पण तसेच आहे. एका अंगाला बसलेल्या बाईला धरायला नीट जागा नसते, खड्डा आला की ती मागे फेकली जाते आणि डोक्याची मागची बाजू आपटते. साडीचा पदर आणि ओढणी चाकात गुंतण्याचे अपघात प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्याला ठाऊक आहेत. त्यासाठी मागच्या चाकाला निदान अर्धे झाकणारी जाळी, हाताला धरायला मूठ आणि पाय ठेवायला आधार नियमानेच बंधनकारक आहे. नवी गाडी घेतली की काही हौशी मुले 'लुक' बिघडतो म्हणून ती जाळी पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात. आईने किंवा बहिणीने ती परत बसवून घ्यावी, हट्टाने.

डोके वाचले तरी सारे संपत नाही. दुचाकीच्या अपघातात सर्वांत जास्त दुखावतात ते पाय. नडगीचे हाड मोडून कातडीबाहेर येते, जखमेत रस्त्याची माती जाते, आणि मग महिनोन्महिने दवाखाना. खांदा आणि मान विरुद्ध दिशांना ओढली गेली की मानेतून हाताकडे जाणारा नसांचा जुडगा तुटतो आणि हात जन्मभर लोंबत राहतो. अशा दुखापती आकड्यांत 'जखमी' या एका शब्दात मावतात. ज्या घरातला रंगारी किंवा फिटर उजव्या हाताने कामाला निरुपयोगी झाला, त्या घराला तो शब्द पुरत नाही. जाड कापडाची पँट, घोटा झाकणारे बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे काही, एवढ्याने हाड वाचेलच असे नाही, पण कातडी वाचते. चपलेत पाय घालून शंभर किलोमीटरला निघणे कोकणात फारच बोकाळले आहे.

अपघात झाल्यानंतरचा पहिला तास तर या टापूत आणखी मोलाचा, कारण कासूजवळ पडलेल्या माणसाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करायची तर बहुधा पनवेल-नवी मुंबई गाठावी लागते, आणि तीही याच रस्त्याने. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे, तिला किलोमीटरचा दगड किंवा जवळच्या गावाचे नाव सांगावे. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि नंतर कायद्याच्या कलम १३४ अ ने त्याला संरक्षण दिले आहे, नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. मे २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत रोख न भरता मिळायचे आहेत; दवाखान्यात आधी पैसे मागितले तर या योजनेचे नाव घ्यावे.

आणि जो पडून लगेच उठला, कपडे झटकले, 'काही नाही झालं' म्हणाला आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाही प्याला, त्याच्यावरही नजर हवी. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत असेल तर माणूस काही तास अगदी शहाण्यासारखा बोलतो आणि मग झोपाळतो. वाढती डोकेदुखी, उलटी, बोलण्यात गोंधळ, एक बाहुली मोठी दिसणे, यांतले काहीही आढळले तर सकाळची वाट न पाहता निघावे. पहिली रात्र त्याला एकट्याला झोपू देऊ नये, दर दोन-तीन तासांनी हाक मारून उठवावे, नाव-गाव विचारावे. तो वैतागेल, त्याला वैतागू द्यावे.